पाहुणे येणार म्हणून उचललेली पोती

पाहुणे येणार असले की त्या वृद्धाश्रमात सर्वांत आधी न्हाणीघरातली पोती उचलली जातात. मग अंगण झाडले जाते, मग सतरंज्या निघतात, आणि शेवटी ज्यांना बसता येते त्या म्हाताऱ्या माणसांना धुतलेल्या कपड्यांत खुर्च्यांवर आणून बसवले जाते. हा क्रम आता मला पाठ झाला आहे. ज्या दिवशी तो ठाऊक असायला हवा होता, त्या दिवशी मात्र तो पाहुणा मीच होतो.

मी लिहिणारा माणूस नाही. चौतीस वर्षे एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात इतरांनी लिहिलेली पुस्तके सांभाळली. लग्न केले नाही, सभेत कधी बोललो नाही. बसमध्ये कंडक्टरला थांबा सांगतानाही माझा आवाज खाली येतो. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी लिहायला बसलो आहे, ते हौसेने नव्हे. माझे एक वाक्य चुकीच्या जागी टांगले गेले आणि ते खोडण्यासाठी मला आणखी बरीच वाक्ये लिहावी लागत आहेत.

अक्का माझी थोरली बहीण. बोरी अरबच्या शाळेत तिने आयुष्यभर पहिलीच्या मुलांना अक्षरे शिकवली. मूलबाळ नव्हते. मेहुणे गेल्यावर ती यवतमाळला माझ्याकडे राहायला आली. माझे घर दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना अरुंद, आणि कठडा एकाच बाजूला. दोन वर्षांत तिचे गुडघे पार गेले. भाजी आणायला खाली उतरली की वर येताना ती प्रत्येक पायरीवर थांबे, आणि मी मागे पिशवी घेऊन उभा असे.

"बापू, हा जिना हाय का विहीर?" एकदा मधल्या पायरीवर बसून ती म्हणाली. "वर आली का खाली जाववत नाही, खाली गेली का वर येववत नाही. मी तुह्या घरात नाही राह्यत, तुह्या जिन्यात राहून राह्यली."

कळंब रस्त्यावर, गावापासून थोड्या अंतरावर, सागाच्या झाडांत एक वृद्धाश्रम आहे. तिची एक जुनी सहशिक्षिका तिथे राहत होती. अक्का स्वतः रिक्षा करून तो पाहून आली. सगळ्या खोल्या तळमजल्यावर, खिडकीतून सोयाबीनचे शेत दिसते, शेजारच्या पलंगावर मैत्रीण. तिने ठरवून टाकले. मी "राहू दे ना अक्का" असे दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणायला हवे होते की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. ओळखीच्यांनी "बहिणीला आश्रमात टाकले" असे म्हटले. माझ्या तोंडावर कोणी म्हटले नाही, आणि मीही कोणाला काही समजावले नाही.

तिला पोचवायला गेलो त्या दिवशी व्यवस्थापकांनी मला सगळा परिसर दाखवला. माणूस चाळिशीतला, अतिशय विनम्र, हातात सतत फोन. निघताना त्यांनी अभिप्रायाची वही पुढे केली, पेनचे टोपणही स्वतःच काढून दिले. "सर, तुम्ही ग्रंथपाल. तुमचे दोन शब्द आमच्यासाठी मोठे आहेत."

आयुष्यात मला असे कोणी म्हटले नव्हते. मी दहा मिनिटे घेतली आणि लिहिले: "येथील फरशी आरशासारखी लखलखते, आणि तिच्यात येथे राहणाऱ्यांचे समाधान प्रतिबिंबित झालेले दिसते."

लिहून झाल्यावर मी ते मनातल्या मनात दोनदा वाचले. मला ते आवडले होते, हे इथे सांगितलेच पाहिजे. महिन्याभराने फाटकाशी एक फ्लेक्स लागला. वर सूर्योदयाचे चित्र, खाली माझे वाक्य आणि त्याखाली "एक निवृत्त ग्रंथपाल". मी तो पाहिला, मान खाली घातली आणि आत गेलो. पण बाहेर पडताना पुन्हा एकदा पाहिला.

"समाधान दिसते म्हणे!" अक्का खाटेवर बसून हसत होती. तिची मैत्रीण तोंडाला पदर लावून हसत होती. "मले तर परवा त्या फरशीत माही पडलेली कवळी दिसली. काहून रे बापू, न्हाणीत जाऊन पाह्यलं होतं का तू?"

"बायकांच्या न्हाणीघरात मी कसा जाणार?"

"मंग लिहिलं कायच्या भरवशावर?"

मग तिने सांगितले. न्हाणीघरात आणि त्यातच असलेल्या संडासात सगळीकडे त्याच पांढऱ्या चकचकीत टाइल्स होत्या. कोरड्या असल्या तरी पाय सरकतो, पाणी पडले तर विचारायलाच नको. भिंतीला धरायला काही नाही. नळाला धरले तर नळ हलतो. म्हणून बायकांनीच युक्ती काढली होती: कोठारातली तुरीची रिकामी पोती झाडून त्या फरशीवर अंथरायची. झाडलोट करणारी बाई रोज सकाळी ती उन्हात टाके, दुसरी आणून अंथरे. "पोतं असलं का पाय बसते," अक्का म्हणाली. "पोतं नसलं का मी जातच नाही."

"मी व्यवस्थापकांशी बोलतो," मी म्हणालो.

बोलायचे ते मी बसमध्ये बसून जुळवले होते. नम्र, मुद्देसूद, कोणाचे मन न दुखवणारे. कार्यालयात गेलो तर त्यांनी चहा मागवला. मी चहा प्यालो, कप खाली ठेवला आणि निरोप घेतला. असे दोन महिने चालले. तिसऱ्या महिन्यात कसेबसे म्हणालो, "साहेब, न्हाणीघराच्या भिंतीला एखादा दांडा लावता आला तर..."

"अगदी बरोबर, सर! दाता मिळाला की लगेच."

त्या आश्रमातली प्रत्येक वस्तू कोणी तरी कोणाच्या तरी स्मरणार्थ दिलेली आहे. पंख्याच्या पात्यांवर एका वडिलांचे नाव फिरते. पाण्याच्या कूलरवर एक आजोबा, बाकांवर एक मावशी, चाकांच्या खुर्चीच्या पाठीवर एक तरुण मुलगा. न्हाणीघराच्या दारावरही एक संगमरवरी पाटी होती. दिग्रसच्या कुण्या व्यापाऱ्याने आईच्या पुण्यस्मरणार्थ फरशी दिली होती.

"खरं सांगू का सर," व्यवस्थापक हसून म्हणाले, "संडासातल्या दांड्यावर कोणी आपल्या वडिलांचं नाव टाकत नाही हो."

"मी देतो," मी म्हणालो.

"वा! नाव कोणाचं टाकायचं?"

"नाव नको."

त्यांचा चेहरा जरा पडला. "बिननावाची वस्तू आपल्याकडे नाही सर. बाकीच्या दात्यांना ते बरं दिसत नाही. बघू, बैठकीत विषय ठेवतो."

त्यांनी विषय ठेवला नाही. मी पुन्हा विचारले नाही. त्या न विचारण्याला मी तेव्हा सभ्यता समजत होतो. आज त्या सभ्यतेची मला इतकी चीड येते की हे लिहिताना दोनदा उठून पाणी प्यावे लागले.

अक्काला ऐंशी वर्षे पूर्ण होणार होती. त्या दिवशी आश्रमात सगळ्यांना जेवण द्यावे असे मला वाटले. आमच्याकडे ही रीतच पडली आहे: वाढदिवस असो की श्राद्ध, आश्रमात पंगत द्यायची, फोटो काढायचा आणि घरी यायचे. मी दोन दिवस आधी व्यवस्थापकांना कळवले. वरण-भात, वांग्याची भाजी, पुऱ्या आणि बासुंदी.

"कायले एवढं करतो?" असे अक्का फोनवर म्हणाली, पण मागून मैत्रिणीला "बासुंदी हाय म्हणते" असे सांगतानाचा तिचा आवाज मला ऐकू आला.

अकराच्या सुमारास मी इस्त्रीचा सदरा घालून पोचलो. अंगणात सडा, व्हरांड्यात खुर्च्यांची रांग. अक्का मधल्या खुर्चीवर, तिने हिरवे लुगडे नेसले होते. फुलांचा हार माझ्या हाती दिला गेला. व्यवस्थापक फोन उंच धरून "सर, जरा डावीकडे" असे म्हणत होते. तेवढ्यात अक्का काठी टेकून उठली.

"आलीच मी. फोटोत हालचाल व्हायले नको."

"मी येतो दारापर्यंत."

"बस गुमान. आज तू पाहुणा हाय."

ती गेली. मी हार हातात धरून उभा राहिलो. त्यानंतर जो आवाज आला तो फार मोठा नव्हता. भरलेली बादली कोणी जोराने खाली ठेवावी, तेवढाच.

मी पहिल्यांदा बायकांच्या न्हाणीघरात शिरलो तो असा. अक्का कुशीवर पडली होती, एक पाय विचित्र दिशेला वळलेला. तिला उठवण्यासाठी खाली वाकलो, तेव्हा ओल्या टाइल्समध्ये मला माझे तोंड स्पष्ट दिसले. फरशी खरोखरच आरशासारखी होती. दाराच्या मागे पोत्यांची गुंडाळी नीट उभी करून ठेवलेली होती.

"पोती कोणी काढली?" मी विचारले. माझा आवाज मला ओळखू आला नाही.

झाडलोट करणारी बाई भिंतीला टेकून रडत होती. "मले काय मालूम होतं भाऊ, अक्काबाई आताच जातीन म्हणून! साहेबानं सांगतलं, पाहुणे येऊन राह्यले, पोते उचल, फरशी दिसली पाह्यजे."

"कोण पाहुणे?"

तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिले. "तुमीच ना भाऊ."

खुब्याचे हाड मोडले होते. यवतमाळच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. बासुंदीचे काय झाले, ते मी विचारले नाही. नंतर कळले की पंगत वेळेवर उठली.

डॉक्टरांनी सांगितले की वॉकर घेऊन ती चालेल. पण दुसऱ्यांदा पडली तर पुन्हा उठेल याची खात्री नाही. मी तिला माझ्याकडे आणले. चौघांनी खुर्चीत बसवून तिला दोन मजले वर चढवले. अंघोळीसाठी एक बाई ठेवली. बाई स्वभावाने चांगली होती. पण अंघोळीच्या वेळी अक्का डोळे मिटून घेई आणि ती बाई घरी जाईपर्यंत उघडत नसे. माझ्या जिन्यावर, माझ्या भाज्यांवर, माझ्या अविवाहितपणावर ती जे टोमणे मारायची, ते सगळे बंद झाले. आठवड्यातून एकदा मैत्रिणीचा फोन येई, तेवढे बोलणे.

एका दुपारी ती म्हणाली, "बापू, मले तिथंच जायचं हाय. माही खाट तिथं हाय, माही माणसं तिथं हायेत. पण न्हाणीत मी एकटी जाईन. माह्या हातानं कडी लावीन, माह्या हातानं काढीन. तेवढं होत असन तर मले ने. नसन होत तर तसं सांग, मग मी आशा नाही ठेवत."

आयुष्यात तिने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

मी व्यवस्थापकांकडे गेलो. यावेळी चहाला नाही म्हणालो. मी म्हणालो की फरशी बदला, दांडे लावा, आणि हे आधी का झाले नाही ते सांगा. त्यांनी शांतपणे कपाटातून एक फाइल काढली. तिच्यात सुरक्षेची तपासणी यादी होती, छापील, दर तीन महिन्यांची, खाली सह्या. आधारासाठी दांडा: आहे. घसरण टाळण्याची व्यवस्था: आहे. सगळीकडे बरोबरच्या खुणा.

"दांडा कुठे आहे?"

"प्रवेशद्वाराच्या उतारावर आहे ना सर. स्टीलचा. पाहिला असेल तुम्ही."

तो मी पाहिला होता. त्याच्यावर नाव होते.

"आणि घसरण टाळण्याची व्यवस्था?"

"पोती, सर." ते जरासे ओशाळले, पण क्षणभरच. "उपलब्ध साधनांतून केलेली व्यवस्था."

म्हणजे कागदावर पोती ही सुरक्षा होती. आणि कागद तपासायला कोणी आले की ती सुरक्षा गुंडाळून दारामागे उभी केली जात होती. मला राग आला असे लिहिणे फार सौम्य होईल. टेबलावरची काच उचलून फेकावी असे मला वाटले. मी ती फेकली नाही. मी म्हणालो, "हे बरोबर नाही."

"सर, अपघात कुठेही होतो. आणि लोकांना काय सांगायचं?" त्यांनी खिडकीतून फाटकाकडे बोट दाखवले. "फरशीबद्दल तर तुम्हीच लिहिलं आहे."

त्यांना ते कुत्सितपणे म्हणायचे नव्हते. त्यांना खरोखरच तसे वाटत होते. शेवटी ते म्हणाले, "टाइल्स काढायच्या म्हणजे दात्याच्या आईची फरशी फोडायची. त्यांना हे मी कोणत्या तोंडाने सांगू? त्यांची परवानगी आणा, मग बघू."

दुसऱ्या दिवशी मी दिग्रसची बस धरली. वाटेत बोरी अरब आले. अक्काच्या शाळेचे पत्रे बसमधून दिसतात. तिने तिथे शेकडो मुलांचे हात धरून पाटीवर गिरवून घेतले असतील. आणि तिला धरायला हातभर लोखंडी नळी मिळवण्यासाठी तिचा भाऊ परगावी एका अनोळखी माणसाला विनवायला निघाला होता. त्या विचाराने मला भर बसमध्ये रडू आले. शेजारच्या माणसाने काही न विचारता खिडकी उघडून दिली.

व्यापाऱ्यांची जिनिंग मिल होती. हंगाम होता, फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, हवेत तंतू. त्यांना कोऱ्या कागदावर लिहून आणलेला मजकूर वाचून दाखवावा असे मी ठरवले होते. दुसऱ्याच ओळीला त्यांनी हात वर केला.

"थांबा थांबा. न्हाणीघरात? माझ्या आईची फरशी न्हाणीघरात लावली?"

"हो. दारावर पाटीही आहे."

"अहो, मी ती प्रार्थनेच्या हॉलसाठी दिलती. उरली तर ठेवा म्हटलं, पुढं कामी येईन." ते उठून उभे राहिले. "आईच्या नावाची पाटी संडासाच्या दारावर! आणि तिथं म्हाताऱ्या बाया पडून राह्यल्या?"

"माझी बहीण पडली. इतर दोघी-तिघी थोडक्यात वाचल्या."

"मग फोडा ना! मला काय विचारता? विचारलं का मला कोणी आजवर? नाही विचारलं." त्यांनी तिथल्या तिथे माझ्याच कागदाच्या मागे लिहून दिले: फरशी काढावी, पाटीही काढावी, माझी हरकत नाही. सही केली. सगळ्याला पाच मिनिटेसुद्धा लागली नाहीत.

परत येताना मला आनंद व्हायला हवा होता. मला झाला तो संताप. इतके सोपे होते. एका फोनचे काम होते. त्या माणसाचे मन दुखावेल म्हणून व्यवस्थापक गप्प, व्यवस्थापकांचे मन दुखावेल म्हणून मी गप्प. आणि मोडले ते अक्काचे हाड.

चिठ्ठी वाचून व्यवस्थापक म्हणाले, "उत्तम झालं. फक्त पंधरवड्यात तपासणीसाठी सरकारी अधिकारी येणार आहेत. आता खोदकाम काढलं तर सगळीकडे धूळ. भेट झाली की लगेच सुरू करू."

अक्काला मी हे सांगितले. तिने वॉकर खाटेजवळ ओढला. मग म्हणाली, "पोतं तर पोतं. ने मले."

तिला पुन्हा चौघांनी खाली उतरवले. आश्रमात पोचल्यावर मैत्रिणीने तिचा हात धरून "आली माही माय" म्हटले, आणि तीन महिन्यांनी मी अक्काला हसताना पाहिले. झाडलोट करणारी बाई तर तिच्यासाठी पोत्यांचे दोन थर अंथरू लागली. पोत्यावरून वॉकर घेऊन अक्का एकटी जात होती. कडी लावत होती. मी रोज सकाळच्या बसने जाई आणि व्हरांड्यात बसून त्या कडीचा आवाज ऐकत असे.

तपासणीच्या दिवशीही मी तसाच बसलो होतो. अंगणात सडा पडला. खुर्च्या निघाल्या. फाटकातून कोणी ओरडले की गाडी वळणावर आली. आणि झाडलोट करणारी बाई, मान खाली घालून, न्हाणीघराकडे निघाली.

मी उठलो. मी काय करणार आहे हे मला ठाऊक नव्हते. तिच्या आधी आत शिरलो, चपला काढल्या आणि पोत्यावर उभा राहिलो.

"भाऊ, बाजूले व्हा ना. साहेब बोलतीन मले."

"नाही."

"काहून असं करून राह्यले भाऊ?"

"नाही," मी पुन्हा म्हणालो. माझ्याजवळ दुसरा शब्दच नव्हता. खिशात चार पानांचे निवेदन होते, उत्तम भाषेत. ते काढायला हात उठेना.

व्यवस्थापक धावत आले. "सर! सर, हे बायकांचं न्हाणीघर आहे! चांगलं दिसतं का?"

"नाही दिसत," मी म्हणालो, आणि हललो नाही. त्यांनी माझा दंड धरला. मी नळाला धरले. नळ हलला, अक्का म्हणायची तसा. तोवर व्हरांड्यात पावले वाजली. एक अधिकारी बाई, मागे दोघे जण कागद घेऊन. सगळे दारात थांबले. आत सदुसष्ट वर्षांचा एक अनवाणी गृहस्थ तुरीच्या पोत्यावर उभा होता.

"हे काय चाललंय?" बाईंनी विचारले.

मी पायाखालच्या पोत्याकडे पाहिले. व्यवस्थापक सांगू लागले की सरांची बहीण इथे असते, सर जरा अस्वस्थ आहेत.

"सरका बरं जरा," त्यांच्या मागून आवाज आला. वॉकरचे पाय टक-टक वाजत होते. अक्का आली, दोन्ही कागदवाल्यांच्या मधून, अधिकारी बाईंच्या शेजारून. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले.

"उतर बापू. मले जायचं हाय."

मी पोत्यावरून उतरलो. तिने वॉकर पोत्यावर ठेवला, पाय टाकला, दुसरा टाकला. मग मागे वळून त्या सगळ्या मंडळींना म्हणाली, "हे पोतं उचललं होतं, त्या दिवशी माही कंबर गेली. आज तुमच्यासाठी उचलून राह्यले होते. आता बाहेर व्हा सगळे, कडी लावाची हाय मले."

आम्ही सगळे बाहेर झालो. कडी लागली.

आतून पाण्याचा आवाज येत होता. अधिकारी बाईंनी फाइल मागितली, एक पान उलटले, बोट ठेवले आणि हलक्या आवाजात विचारले, "आधारासाठी दांडा आहे, असं लिहिलंय. कुठे आहे?" व्यवस्थापकांनी प्रवेशद्वाराकडे पाहिले. बाईंनीही तिकडे पाहिले, आणि त्या दारातच उभ्या राहिल्या, अक्का बाहेर येईपर्यंत.

आठ दिवसांत काम झाले. टाइल्स निघाल्या, खरखरीत फरशी बसली, दोन्ही भिंतींना दांडे लागले. धूळ उडाली ती फक्त एक सकाळ. आठ दिवस! अक्काचे तीन महिने, तिचे मोडलेले हाड, अंघोळीच्या वेळी मिटलेले डोळे, आणि काम होते आठ दिवसांचे. लोक मला म्हणतात की झाले ना शेवटी, आता राग कशाला. मला या प्रश्नाचाही राग येतो.

फाटकावरचा फ्लेक्स मी काढायला लावला. तोंडी सांगितले, तेव्हा व्यवस्थापक "बघू" म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी स्टूल मागितले, तेव्हा त्यांनीच काढला. अभिप्रायाच्या वहीत माझे जुने वाक्य शोधून मी त्यावर रेघ मारली आणि खाली लिहिले: "फरशीवरून पाय सरकतो. मी न पाहता लिहिले होते." यावेळी दहा मिनिटे लागली नाहीत.

दांड्यावर नाव नाही. पाटीसाठी दोन छिद्रे मात्र पाडून ठेवली आहेत. अक्का रोज तिथून एकटी जाते आणि एकटी येते. माझ्या अविवाहितपणावरचे टोमणे पुन्हा सुरू झाले आहेत.

पुरुषांच्या बाजूला मात्र अजून त्याच टाइल्स आहेत. ते काम पुढच्या टप्प्यात, असे सांगतात. तिथेही पोती आहेत. मी आता रोज जात नाही, आठवड्यातून तीनदा जातो. आश्रमात कोणाचा वाढदिवस असतो, कोणाचे वर्षश्राद्ध असते. फाटकाशी गाडी थांबते, माणसे हार आणि मिठाई घेऊन उतरतात. मी व्हरांड्यातून उठतो, पुरुषांच्या न्हाणीघरात जातो, चपला काढतो आणि गाडी परत जाईपर्यंत पोत्यावर उभा राहतो.